वेलांटीची जागा

२०१० सालच्या जून महिन्यातली गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातले जुने संगणक काढून त्या जागी नवे आले. महाविद्यालय ट्रॉम्बेच्या वाटेवरचे. पावसाच्या एकदोन सरी येऊन गेलेल्या, प्रवेशाची गर्दी ऐन भरात, आणि नेमक्या त्याच वेळी चारही पडद्यांचे रूप पालटलेले. खालच्या डाव्या कोपऱ्यातली ओळखीची कळ उठून वरच्या कडेला गेली होती. चित्रे बदलली होती. इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी शब्द आले होते : 'सेव्ह'च्या जागी 'जतन करा', 'एडिट'च्या जागी 'संपादन'. मराठीचे अध्यापक म्हणून आम्हाला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. तो आनंद दुपारपर्यंत टिकला.

दुपारी कार्यालयातल्या ज्येष्ठ लिपिक बाई आमच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. टंकलेखन यंत्रावर उमेदवारी केलेल्या, मग संगणकावरही त्याच बोटांनी त्याच कळा बडवत आलेल्या बाई. त्यांचा वेग असा की प्राचार्यांचे पत्र तोंडी सांगून होईपर्यंत कागदावर उतरलेले असे. त्या म्हणाल्या, "सर, वेलांटी आधी मारली की पडद्यावर हे ठिपक्यांचं भोक येतं. पडद्याचं मी शिकून घेईन हो, पण माझ्या बोटांना कोण सांगणार?" संगणक बसवायला आलेल्या तरुणाने त्यांना आधीच उत्तर देऊन ठेवले होते : "सवय होईल, मॅडम."

त्या वेळी आम्ही हसलो. दोघांचेही बरोबर आहे असे वाटून विषय सोडून दिला. पुढे लिपिसुधारणेच्या इतिहासावर वर्गात शिकवताना तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवू लागला, आणि लक्षात आले की 'सवय होईल' हे उत्तर मराठी माणसाला गेली शंभर वर्षे मिळत आले आहे. कधी ते खरे ठरले, कधी साफ खोटे. ते केव्हा खरे ठरते आणि केव्हा नाही, हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा नाही. तो आपल्याही अभ्यासाचा आहे, असे आमचे मत झाले आहे.

आरंभ ट्रॉम्बेपासूनच करू. जुन्या मराठी लिखाणात या गावाचे नाव तुर्भे असे येते. ट्रॉम्बे हे त्याचे इंग्रजी वळण. डोंगर, खाडी, कोळीवाडा आणि त्यांच्या पलीकडे १९५४ साली स्थापन झालेले अणुशक्ती केंद्र, ज्याला १९६७ साली होमी भाभांचे नाव दिले गेले. या केंद्रात तयार झालेला टीडीसी-१२ हा संगणक १९६९चा. नावातला 'टी' हा ट्रॉम्बेचा, १२ हा आकडा त्याच्या बारा अंकी द्विमान शब्दाचा. पुढे याच मालिकेतली यंत्रे हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनवली. आपल्या उपनगराच्या नावाचा एक संगणक होता, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

या यंत्राला आजच्या अर्थाने चेहरा नव्हता. त्या पिढीच्या यंत्रांशी बोलायचे म्हणजे खटके वरखाली करायचे, दिव्यांची ओळ वाचायची, कागदी पट्टीला भोके पाडून ती आत सरकवायची. यंत्राने माणसाच्या सवयींकडे एक पाऊलही टाकलेले नव्हते. चालायचे ते सगळे माणसाने. आणि तरीही त्याबद्दल कुरकुर झाली असेल असे वाटत नाही. कारण उघड आहे. बनवणारे आणि वापरणारे एकाच इमारतीतले, बहुधा एकाच चमूतले. ज्याने घर बांधले त्याला दार कुठे आहे हे सांगावे लागत नाही. कुरकुरीचा जन्म होतो तो बनवणारा आणि वापरणारा यांची फारकत झाली म्हणजे. कुणीतरी दूरवर बसून आपल्या घराचे दार हलवतो आणि आपण सकाळी उठून भिंतीवर आपटतो.

फारकत झाली तेव्हा मधली दरी भरायला रूपक आणले गेले, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला रंजक वाटावी. झेरॉक्स कंपनीच्या १९८१च्या 'स्टार' या यंत्राने आणि नंतर १९८४च्या मॅकिंटॉशने पडद्यावर एक टेबल मांडले. त्यावर कागद, फोल्डर, टेबलाशेजारी कचऱ्याची टोपली. वापरणाऱ्याला यंत्र कळण्याची गरज उरली नाही; टेबल कळले की झाले. पण टेबल कुणाचे? अमेरिकेतल्या कचेरीचे. आपल्याकडे कागदपत्रांचा संसार वेगळा होता. पेशवे दप्तरातली मोडी कागदांची बाडे फडक्यांत बांधलेली असत आणि त्या गाठोड्यांना रुमाल म्हणत. 'दप्तर' हा फारसीतून आलेला शब्द एकीकडे कचेरीला गेला, एकीकडे पोराच्या पाठीवर. आमच्या वर्गातली निम्मी मुले चीता कॅम्प, मानखुर्द, गोवंडीची. एका खोलीच्या घरात दप्तर मांडीवर घेऊन त्यावर वही ठेवून लिहिणारी. त्यांच्या घरी टेबलच नाही. रूपक समजायला उपमान ठाऊक असावे लागते, हे आपण त्यांना काव्यशास्त्राच्या तासाला शिकवतो आणि पुढच्याच तासाला संगणकाच्या खोलीत नेऊन बसवतो.

मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. २०१०च्या त्या बदलावर या मुलांनी काहीच तक्रार केली नाही. ती दोन दिवसांत सरावली. त्यांना जुने टेबल ठाऊकच नव्हते. तक्रार करण्यासाठी आधी काही कमावलेले असावे लागते. बाईंनी ते पंचवीस वर्षांत कमावले होते.

आता इतिहासाकडे. मराठीच्या लेखनाचे दर्शनी रूप यंत्रासाठी बदलण्याचा प्रयत्न हा संगणकाच्या फार आधीचा. हाताने खिळे जुळवायच्या काळात देवनागरीची एक केस म्हणजे चारशेच्या वर खिळे. इंग्रजी जुळाऱ्याचे काम त्याच्या एका छोट्या अंशात होई. मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरे यांचा हा पसारा आवरल्याशिवाय मराठी छपाई स्वस्त आणि वेगवान होणार नाही, हे लोकमान्य टिळकांना 'केसरी' चालवताना दिसले आणि त्यांनी खिळ्यांची संख्या दोनशेच्या आत आणण्याचा खटाटोप केला. त्यांच्यापुढे पाऊल टाकले सावरकरांनी. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात त्यांनी 'अ'ची बाराखडी पुरस्कारली : इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र चिन्हे काढून टाकायची आणि 'अ'लाच वेलांटी-उकार लावायचे, अि, अी, अु, अू. तर्काच्या कसोटीवर या सूचनेत बोट ठेवायला जागा नाही. 'ओ' आणि 'औ' आपण 'अ'वर मात्रा देऊन लिहितो. मग 'इ'नेच काय घोडे मारले? सावरकरांची पुस्तके या लिपीत निघाली, काही नियतकालिकांनी आणि प्रकाशकांनी ती उचलली. जुन्या ग्रंथालयात अजूनही असे एखादे पुस्तक हाती लागते आणि वाचताना पहिली दोन पाने दाताखाली खडा आल्यासारखे होते. तिसऱ्या पानापासून होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

दुसरा प्रसंग १९५३चा. उत्तर प्रदेश सरकारने लखनौ येथे लिपिसुधारणा परिषद बोलावली. अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन. टंकलेखन यंत्र आणि जुळणीची यंत्रे डोळ्यांपुढे ठेवून परिषदेने ज्या शिफारशी केल्या त्यांतली सर्वांत धीट म्हणजे ह्रस्व वेलांटी डावीकडून उचलून उजवीकडे नेणे. दीर्घ वेलांटीसारखीच ती अक्षरानंतर यावी, फक्त दांडा आखूड ठेवावा. यामागेही भक्कम तर्क होता. 'कि' उच्चारताना क आधी येतो आणि इ नंतर. लिहिताना मात्र वेलांटी आधी. ध्वनीचा क्रम आणि चिन्हाचा क्रम जुळवून द्यावा, यंत्राचीही सोय होईल. विद्वान होते, राजाश्रय होता, शास्त्र होते. आणि तरी दशक संपण्यापूर्वीच ही शिफारस मागे घेतली गेली व वेलांटी आपल्या जुन्या जागी परतली.

का परतली? येथे इतिहासकाराची अडचण होते. समित्यांचे अहवाल उरतात. वाचणाऱ्यांची कुरकुर उरत नाही. सुधारणा मांडणारा ग्रंथ लिहितो, आणि ती न आवडणारा फक्त पुस्तक मिटतो. या मिटलेल्या पुस्तकांचा पुरावा एकच : रूप गेले. आमचा अंदाज असा की दोन्ही सुधारणांनी डोळ्याचे काम चुकीचे समजून घेतले होते. सुधारकांनी मानले की वाचक चिन्हे एकेक करून जोडतो, तेव्हा चिन्हे कमी झाली की त्याचे ओझे कमी होईल. प्रत्यक्षात सरावलेला वाचक शब्दाची पूर्ण आकृती ओळखतो. आखूड दांड्याची वेलांटी आणि लांब दांड्याची वेलांटी दोन्ही उजवीकडे आल्या म्हणजे 'दिन' आणि 'दीन' यांच्या आकृत्या जवळजवळ एक होतात. डावी-उजवी जागा हा फरक जितका ठळक, तितका दांड्याच्या लांबीचा नाही. शिवाय जिचे चार शतकांचे वाङ्मय लोकांच्या घरात पोथ्या-पुस्तकांच्या रूपाने पडलेले आहे अशा लिपीत बदल करणे म्हणजे नातवाला आजोबांच्या पुस्तकापासून तोडणे. हे लोकांनी तर्काने मांडले नसेल, पण त्यांना ते कळले होते.

वेलांटीचा खरा न्यायनिवाडा मात्र तीस वर्षांनी झाला, आणि तो करणाऱ्यांना आपण लखनौच्या खटल्याचा निकाल देत आहोत याची कल्पना होती की नाही कोण जाणे. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी एक समान कळफलक प्रमाण ठरवला. तोच पुढे इनस्क्रिप्ट म्हणून ओळखला जाऊ लागला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. जोडाक्षरे हलन्ताची कळ दाबून घडवायची. पुण्याच्या सीडॅकमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढवलेले 'जिस्ट' तंत्र याच विचारावर उभे राहिले, आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेने संकेतप्रणालीसह तो कायम केला. या कळफलकावर 'कि' कशी उमटते? आधी क, मग वेलांटी. उच्चाराच्या क्रमाने, अगदी लखनौच्या परिषदेला हवे होते तसे. आणि पडद्यावर? वेलांटी उडी मारून डावीकडे जाऊन बसते, अगदी वाचकाला हवे होते तसे.

हा आम्हाला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर क्षण वाटतो. राधाकृष्णनांची परिषद आणि ती नाकारणारा वाचक, दोघेही बरोबर होते. यंत्राला क्रम हवा होता, डोळ्याला आकृती. शिशाच्या खिळ्याला आणि लोखंडी दांडीला दोन्ही एकाच वेळी देता येत नव्हते, म्हणून डोळ्याने त्याग करावा असे ठरवले गेले. डोळ्याने हट्ट धरला. तो हट्ट तीस वर्षे टिकला आणि तेवढ्यात यंत्रच शहाणे झाले. 'अ'ची बाराखडी तेव्हा सर्वत्र रूढ झाली असती तर ज्या गरजेसाठी ती रूढ केली ती आज अस्तित्वातच नसती, आणि 'इ' मात्र कायमची गेली असती. 'प्रतिगामी' म्हणून हिणवल्या गेलेल्या वाचकाच्या कुरकुरीने एवढे वाचवले.

पण मग आमच्या बाईंची तक्रार कोणत्या जातीची? येथे कथा उलटते. त्यांच्या डोळ्याला काहीच सोसावे लागत नव्हते. तक्रार बोटांची होती. देवनागरी टंकलेखन यंत्रात अक्षर जसे दिसते तसेच, डावीकडून उजवीकडे, तुकड्यातुकड्यांनी ठोकावे लागे. ह्रस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी वेलांटी, मग क. अर्धा श ठोकून पुढे काना मारला की पूर्ण श. बाईंची बोटे भाषा लिहीत नव्हती, चित्र काढत होती, आणि अतिशय वेगाने काढत होती. नव्या पद्धतीत आधी मारलेल्या वेलांटीला बसायला व्यंजन नसते, म्हणून यंत्र तिच्यासाठी ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ काढते. तेच ते 'भोक'. व्याकरणाच्या दृष्टीने ते वर्तुळ किती अचूक आहे! स्वरचिन्ह निराधार आहे, व्यंजन द्या, असे ते सांगत असते. पण पत्र टपालाच्या वेळेआधी संपवायचे असते तेव्हा व्याकरण कुणाला हवे.

नव्वदच्या दशकातल्या बहुतेक मराठी सॉफ्टवेअरने बोटांची ही तक्रार ऐकली, इतकी ऐकली की त्यातून एक संकट उभे राहिले. त्यांनी टंकलेखन यंत्राचा कळफलक तसाच ठेवला आणि इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी आकृत्या भरल्या. बोटे खूश, डोळे खूश. पण आत साठवले जात होते ते मराठी नव्हतेच. ती इंग्रजी चिन्हांची रांग होती, वरून मराठी मुखवटा चढवलेली. आणि प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. मुखवटा हरवला की खाली निरर्थक चिन्हांचा चिवडा. आमच्या विभागाने १९९८ ते २००८ या काळात जमवलेले सगळे, म्हणजे चर्चासत्रांतले निबंध, विद्यार्थ्यांनी कोळीवाड्यातून आणि आगरी वस्त्यांतून टिपून आणलेली गाणी, निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे अप्रकाशित लेखन, अशाच एका मुखवट्यात होते. २०१०च्या बदलानंतर ते उघडले तेव्हा पडद्यावर जे दिसले त्याचे वर्णन न केलेले बरे. सवय मोडू नये म्हणून केलेल्या सोयीची ही किंमत. वाचकाच्या हट्टाचे आम्ही वर कौतुक केले. लिहिणाऱ्यांच्या त्याच हट्टाने आमची दहा वर्षे खाल्ली, हेही लिहून ठेवले पाहिजे.

दर्शनी रूपाबद्दलच्या तक्रारीची तिसरी जात आहे ती ओळखीची. विंडोज २००० सोबत 'मंगल' हा युनिकोड टंक घरोघरी पोचला. त्यात ल आणि श यांची वळणे हिंदी होती. मराठी डोळ्याला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा. पडद्यावर दुसरेच काही. "हे आपले अक्षर नाही" ही तक्रार त्या दशकात जिथे तिथे ऐकू येई. गंमत अशी की हा टंक रेखाटणारे होते र. कृ. जोशी, मराठीतले प्रयोगशील कवी, सुलेखनाचे अध्वर्यू, पवईच्या आयआयटीत पुढच्या पिढीला अक्षर शिकवणारे. २००८ साली ते गेले. दोष त्यांच्या हाताचा म्हणता येणार नाही. केंद्राने प्रमाण देवनागरी ठरवताना जी देवाणघेवाण झाली तिच्यात अ, झ, ण यांची मुंबई-वळणाची रूपे हिंदीने स्वीकारली होती आणि ल, श यांची मराठी रूपे प्रमाणाबाहेर राहिली होती. देवाणघेवाणीतले आपल्याला मिळालेले कुणाच्या लक्षात राहत नाही, गेलेले तेवढे सलते. ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने मराठीसाठी प्रमाणीकृत देवनागरी लिपी व वर्णमालेचा निर्णय काढला आणि पाकळीचा ल, देठाचा श यांना अधिकृत मान्यता दिली. 'अॅ'चा उच्चार दाखवणारे ॲ हे अक्षर त्याच्या आधीच्याच वर्षी, २००८ साली, युनिकोडमध्ये दाखल झाले होते. कुरकुरीतून शासन निर्णय निघण्याचे हे दुर्मिळ उदाहरण.

या तिन्ही जातींत सगळ्यात गंभीर तक्रार कोणती असे विचाराल तर आम्ही ल-श असे म्हणणार नाही. ती भावनेची आहे, आणि भावनेला आमचा विरोध नाही. पण हिंदी वळणाचा ल वाचून मराठी वाक्याचा अर्थ बदलत नाही. अर्थ बदलतो तो र-ने. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत एकीकडे गुरुजन आहेत, दुसरीकडे स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. हा पापणीसारखा अर्धा र मराठीत जागोजागी लागतो, हिंदीला लागत नाही, म्हणून दिल्लीच्या वा परदेशातल्या टेबलावर बसून आराखडा करणाऱ्याच्या नजरेतून तो सहज निसटतो. इनस्क्रिप्टमध्ये त्यासाठी वेगळ्या ऱ-ची कळ आहे. पण ती आहे हे सांगणारे कुणी नसल्यामुळे कित्येकांनी रफार देऊन काम भागवले, आणि भागते असे पाहून तसेच लिहू लागले. येथे कुरकुर व्हायला हवी होती, पण पुरेशी झाली नाही. जी तक्रार सर्वांत मोठ्याने होते ती सर्वांत महत्त्वाची असतेच असे नाही.

शब्दांच्या बाबतीतही असेच. 'जतन करा'ला कार्यालयात कुणी विरोध केला नाही, आणि कुणी तो शब्द वापरलाही नाही. बोट 'जतन करा'वर जाई आणि तोंड 'सेव्ह केलं' म्हणे. आम्हाला राज्यव्यवहारकोश आठवतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने फारसी राज्यव्यवहाराला संस्कृत प्रतिशब्द देणारा सुमारे चौदाशे शब्दांचा तो कोश. त्यावर तत्कालीन लिपिकांची प्रतिक्रिया काय होती हे कुठे लिहिलेले नाही. पण अर्ज, जमीन, कागद, दप्तर हे शब्द आज आपण वापरतो, यातच ती आली. काही गेले, काही राहिले. भाषेने आपल्या सोयीने निवड केली. 'संगणक' राहिला. 'जतन' राहील का, सांगवत नाही. राहिला तर चांगले, कारण नुसते साठवणे आणि जतन करणे यांत जो जिव्हाळ्याचा फरक आहे तो इंग्रजी शब्दात नाही.

बाहेरच्या जगातही हेच नाटक चालू होते, आणि तेथली कुरकुर मात्र नोंदली गेली. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम या मुक्त प्रणालीचे तिसरे रूप आले, टेबलाची सगळी मांडणी बदलून. खुद्द लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स वैतागून दुसऱ्या साध्या रूपाकडे गेले, आणि इतर काहींनी जुन्याच रूपाची वेगळी चूल मांडून ते 'माते' या नावाने जिवंत ठेवले. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ आणताना १९९५पासून डाव्या कोपऱ्यात बसलेली 'स्टार्ट' कळ काढून टाकली. बोटाने स्पर्श करण्याच्या पडद्यांसाठी नवी मांडणी हवी होती, म्हणजे पुन्हा यंत्राचीच गरज. वर्षभरात, ८.१ या आवृत्तीत, कळ परत आली. २०१५च्या विंडोज १०मध्ये तिच्या पोटातली यादीही आली. लखनौची वेलांटी आणि हा कोपरा यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. फरक असलाच तर इतकाच की कंपनीला आकडे दिसतात आणि परिषदेला दिसत नव्हते, म्हणून कळ लवकर परतली. अंधारात दिव्याचे बटण जेथे हात जातो तेथेच असावे लागते; त्याला सवय म्हणून हिणवणाऱ्याने एकदा स्वतःच्या घरी बटणाची जागा बदलून पाहावी.

आज आमच्या वर्गातली मुले मराठी टंकलिखित करतात ती मोबाइलवर, रोमन अक्षरांत उच्चार लिहून, नाहीतर बोलून. त्यांच्या बोटांना वेलांटी आधी की नंतर हा प्रश्नच पडत नाही. बाई निवृत्त झाल्या. निवृत्तीच्या आधी तीन वर्षे त्यांनी नवा कळफलक चालवला, पूर्वीच्या निम्म्या वेगाने, आणि सही करण्याआधी प्रत्येक पत्र एकदा वाचून पाहत. पूर्वी त्यांना तशी गरज भासली नव्हती.

मुखवटा हरवलेली ती दहा वर्षांची कागदपत्रे गेल्या काही वर्षांत परिवर्तकाच्या मदतीने युनिकोडमध्ये आणता आली. पहिल्या नजरेत सगळे सुखरूप दिसले. मग एम.ए.च्या दोन विद्यार्थिनी आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा लेख वाचू लागल्या आणि एका वाक्याशी अडल्या. लेख सह्याद्रीतल्या वाटांवरचा; वाक्यात सह्याद्रीच्या खोल 'दर्या' होत्या. परिवर्तकाने पापणीचा प्रत्येक र उचलून रफार करून टाकला होता. यादीने सुधारता येत नाही, कारण कोळीगीतांत 'दर्या' हाच शब्द खरा आहे आणि तो तसाच राहायला हवा. म्हणून त्या दोघी आता शेजारी बसून एकेक ओळ वाचतात, डोंगर आहे की समुद्र ते ठरवतात आणि पुढे जातात. साठ पाने झाली आहेत.